काकू, चिमीला रोज न्हाऊ घालता का?

रावेर तालुक्यातल्या आमच्या मळ्यात केळीचा घड पाहायला किंवा नुसते चहाला येणारे लोक ओट्यावर पसरलेल्या चिमीकडे पाहून हा प्रश्न हमखास विचारतात. चिमी गावठी कुत्री आहे, पाय पांढरे आणि अंग तांबूस. दिवसभर ती माझ्याबरोबर मळ्यात असते आणि तरीही तिच्या अंगाला वास येत नाही, याचे लोकांना नवल वाटते. तुम्हीही विचारलेत म्हणून सांगते: गेल्या तीन महिन्यांत मी तिला तीनदाच न्हाऊ घातले आहे, आणि त्यातली एक आंघोळ नाइलाजाची होती.

कुत्र्याची स्वच्छता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पोळ्याचा बैल येतो, ओढ्यावर नेऊन नारळाच्या शेंडीने खसाखसा घासलेला. कुत्र्याचे कातडे मात्र तसे नसते. केसांमुळे जाड भासले, तरी त्याच्या त्वचेचा वरचा थर आपल्या त्वचेपेक्षाही पातळ असतो, आणि आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते तशी त्याची नसून जवळजवळ उदासीन, म्हणजे ना आम्ल ना अल्क, असते, म्हणून आपल्यासाठी बनवलेला साबण किंवा शाम्पू त्याला मानवत नाही. अंगावरचे नैसर्गिक तेल वारंवार धुतले गेले की त्वचा कोरडी पडते, खाज सुटते, खाजवून जखम होते, आणि मग ‘कुत्रा घाण झाला’ म्हणून आपण पुन्हा साबण लावतो. निरोगी, आखूड केसांच्या कुत्र्याला महिना-दीड महिन्यातून एक आंघोळ पुरते, तीही कुत्र्यांसाठीच्या सौम्य शाम्पूने. (रिठा नैसर्गिक असतो हे खरे, पण त्याचे पाणी डोळ्यांत गेले की काय होते ते एकदा स्वतःवर करून पाहावे.) आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, बस.

मधल्या दिवसांत चिमीला स्वच्छ ठेवतो तो तिचा ब्रश. रोज संध्याकाळी दहा मिनिटे मी तिचे केस विंचरते, त्यात माती, गोखरू, कुसळे, गळालेले केस सगळे निघते आणि कुठे गाठ किंवा जखम असेल तर ती हाताला लागते. लांब केसांच्या कुत्र्याला तर आंघोळीच्या आधी विंचरावेच लागते, कारण केसांचा गुंता एकदा भिजला की आवळतो आणि मग कात्रीशिवाय सुटत नाही. पांढऱ्या पायांना केळीचा चीक लागून पडलेले काळे डाग मात्र मी घासत बसत नाही. केस गळून पडले की डागही जातात.

आपल्याकडची खरी भीती पाण्याची आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी इतके तापलेले असते की हात धरवत नाही, आणि उन्हात पडलेल्या पाइपातून पहिल्यांदा येणारे पाणी त्याहून कडक असते. ‘बिचाऱ्याला गारवा मिळेल’ म्हणून तोच पाइप कुत्र्याच्या पाठीवर धरणारे लोक मी पाहिले आहेत. पाणी आधी आपल्या मनगटावर घ्यावे. ते कोमट लागले, तरच कुत्र्यावर ओतावे. गारवाच द्यायचा असेल तर त्याला सावलीत बसवून पोट आणि पंजे साध्या पाण्याने ओले करावेत, तिथे साबणाचे काम नाही.

आंघोळीसाठी मी सकाळी दहाच्या सुमाराची वेळ धरते. मोरीतल्या फरशीवर पाय घसरला की कुत्रा कायमचा बिथरतो, म्हणून खाली ओले बारदान अंथरते. पाणी मागच्या पायांपासून मानेपर्यंत ओतायचे, तोंड शेवटी फडक्याने पुसायचे आणि कानांत पाणी जाऊ द्यायचे नाही, कारण कुत्र्याची कानाची नळी आत जाऊन वळते आणि तिथे साठलेली ओल सहज निघत नाही. आमच्या बोरचे पाणी जड आहे, शाम्पूचा चिकटपणा लवकर जात नाही, त्यामुळे शाम्पू लावायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ मी तो धुण्यात घालवते. सर्वांत जास्त वेळ मात्र पुसण्यात जातो. जुन्या सुती लुगड्याने बोटांच्या बेचक्या, काखा आणि शेपटीखालचा भाग कोरडा केल्याशिवाय मी तिला सोडत नाही, आणि सोडते ती खाटेवर, नाहीतर ती सरळ चुलीजवळच्या राखेत लोळायला जाते.

नाइलाजाची आंघोळ म्हटले ती फवारणीची. शेजारच्या कपाशीत औषध मारत असताना चिमी त्यातून धावत आली. अशा वेळी वाट पाहू नये, कारण कुत्रा पंजे चाटतो आणि औषध पोटात जाते. मी हातमोजे घालून तिला भरपूर पाण्याने आणि शाम्पूने धुतले आणि दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवले; लाळ गळू लागली किंवा अंग थरथरू लागले असते, तर औषधाची बाटली घेऊनच डॉक्टरांकडे धावले असते.

गोचिडींबाबत मी स्वतः एकदा मोठी चूक केली आहे. चिमीच्या आधीच्या मोतीला पावसाळ्यात गोचिडी झाल्या, तेव्हा कोणाच्या तरी सांगण्यावरून मी त्याच्या अंगाला रॉकेल चोळले. संध्याकाळपर्यंत त्याचे पोट लालभडक झाले, अंग चाटल्याने उलट्या झाल्या, आणि गोचिडी होत्या तिथेच राहिल्या. तेव्हा डॉक्टरांनी समजावले की नुसत्या आंघोळीने गोचीड जात नाही. रक्त पिऊन फुगलेली मादी अंगावरून गळून पडते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते; आमच्यासारख्या धाब्याच्या घरात अशा फटींना तोटा नाही. त्यानंतर आम्ही भिंती लिंपल्या, गोठ्याच्या फटी बुजवल्या आणि कुत्र्याच्या मानेवर थेंब सोडायचे औषध वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून घेऊ लागलो. हे औषध त्वचेवरच्या तेलातून अंगभर पसरते, म्हणून ते लावण्याआधी आणि लावल्यानंतर दोन-दोन दिवस चिमीला पाणी लावत नाही.

तुमच्या घरात मांजर असेल तर हे औषध घेताना आधी तसे सांगा. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचे कीटकनाशक असते, ते मांजराच्या जिवावर बेतते, आणि आमची मनी तर थंडीत चिमीच्याच कुशीत झोपते.