चार वीत अन् चार बोटं

दुकानातली बाई मला सरळ पोरांच्या कपड्यांकडे घेऊन गेली आणि माझं डोकंच फिरलं.

आधीचं सांगते. हरभऱ्याचं ओलित सुरू झालं की आमच्या बाबांच्या रात्री वावरात जातात. लाईन रात्रीची, दिवसा आली तर नवल. पाण्याची पाळी नसेल त्या रात्री जागल असतेच, रोही अन् रानडुकरं काही सुट्टी घेत नाहीत. अंगात बंडी, सदरा, वरून घोंगडी, डोक्याला दुपट्टा. पण दांड फोडायला वाकलं की घोंगडी धुऱ्यावर काढून ठेवावी लागते, आणि नेमकं तेव्हाच अंग भिजतं. मागच्या जानेवारीत त्यांना पंधरा दिवस खोकल्यानं धरलं. तेव्हाच ठरवलं, यंदा इथून एक जॅकेट पाठवायचंच. नॉर्वेतल्या बर्गनसारख्या गावात, जिथे वर्षातले २००हून जास्त दिवस पाऊस असतो, तिथे राहून मला एवढं जमू नये?

मापासाठी आईला म्हटलं, टेप घे. "टेप कुठून आणू आता? सुतळीनं घेतो," म्हणाली. दहा मिनिटांत फोटो आला. ओसरीच्या फरशीवर सुतळी, तिला दोन गाठी, बाजूला आईचा पसरलेला पंजा. खाली निरोप: छाती चार वीत अन् चार बोटं, बाही तीन वीत. उंचीले भिंतीवर रेघ मारली, तुया भाच्यानं पट्टीनं मोजली, १६२ झाली.

आई अन् माझा पंजा सारखाच आहे. माझी वीत भरली २० सेंटीमीटर. म्हणजे छाती ८७ च्या आसपास. इथला हिशोब सोपा असतो, पुरुषांच्या जॅकेटवरचा आकडा म्हणजे छातीच्या सेंटीमीटरचा निम्मा. १०० छातीला ५० नंबर. बाबा निघाले ४४ सुद्धा जेमतेम, आणि त्या दुकानात पुरुषांचे नंबर ४६ पासून सुरू.

मी उचललं ४८. आपल्याकडे कपडा वाढत्या अंगाचाच घेतात, मग ते अंग साठीचं का असेना. माझा पाचवीचा शाळेचा ड्रेस दर वर्षी खालची शिवण उसवत आठवीपर्यंत गेला होता.

बाईनं विचारलं, आतून काय घालणार? मग कुणी न मागता शिकवणीच सुरू केली. ऊब जाड कापडात नसते, थरांच्या मध्ये अडकलेल्या हवेत असते. जॅकेट घट्ट घेतलं तर आतला स्वेटर दबतो अन् ती हवाच राहत नाही. फार ढगळ घेतलं तर हात हलवला की खालून गरम हवा बाहेर, गार हवा आत, भात्यासारखं. बुटांचंही तसंच, जाड मोजे घालून पुढे बोटभर जागा हवी, नाहीतर रक्त अडतं अन् पाय आणखी गारठतात. माप घेताना आतले सगळे कपडे घालून घ्यायचं, हात वर करायचे, खाली बसून बघायचं. सगळं पटलं मला. आणि मग ती म्हणाली, उंची १६२ ना, मग मुलांचं १६४ बघा. इथे पोरांचा नंबर म्हणजे त्यांची उंचीच, १५२, १५८, १६४, अशा सहा-सहाच्या पायऱ्या. खांदा बरोबर बसेल, बाही बरोबर येईल, किंमतही कमी.

क्विंटलभर कापसाचं बोंद्रं पाठीवर घेणारा माझा बाप, आणि त्याच्यासाठी पोरांचं जॅकेट! तिथे निळ्या रंगावर अस्वलाचं चित्रही होतं.

त्यात आतल्या सुती बंडीचं ऐकून तिनं तोंड वाकडं केलं. सुती नको, घाम पितं, वाळत नाही, ओलं झालं की ऊब संपली. आत लोकरीचंच हवं. आता यवतमाळ जिल्ह्यातल्या पोरीला कापूस नको म्हणून सांगायचं म्हणजे काय! खरं सांगते, बाई चुकत नव्हती. पहिल्या वर्षी मीच इथे ओल्या जीन्समध्ये कुडकुडत फिरले आहे. पण तिला कुठे माहीत की आमची शेकोटी पऱ्हाटीची असते अन् ठिणग्या तडतडत उडतात? नायलॉनवर ठिणगी पडली की वितळून भोक. घोंगडीवर पडली तर नुसती झटकायची. आणि घोंगडी लोकरीचीच असते. म्हणजे लोकरीचा थर बाबा माझ्या आधीपासून वापरतायत, फक्त तिच्या हिशोबानं उलट्या बाजूला.

शेवटी पुरुषांचं ४६ घेतलं. स्वेटरवर चढवून, चेन हनुवटीपर्यंत ओढून, आरशासमोर उकिडवी बसले आणि दांड फोडल्यासारखे हात चालवले. पाठ उघडी पडली नाही. शेजारचा माणूस बघत राहिला.

नागपूरला जाणाऱ्या एकाच्या बॅगेतून जॅकेट घरी पोचलं. व्हिडिओ कॉलवर बाबा अंगणात उभे, बाह्या नखांच्याही खाली. "कामापुरतं आहे," म्हणाले. चार दिवसांनी कळलं की बाजाराच्या दिवशी शिंप्याकडे नेऊन दोन्ही बाह्यांना टीप मारून आणली. मी फोनवर ओरडलेच, अगं सुईची भोकं पडली की तिथून पाणी आत येतं!

"हिवाळ्यात कुठचं पाणी येते वं?" आई म्हणाली.

याला उत्तर नव्हतं. जानेवारीपर्यंत छातीवर ठिणगीची दोन भोकंही पडली, त्यावर भाच्यानं चिकटपट्टी लावली. खोकला मात्र यंदा झाला नाही. तो जॅकेटमुळे की काय, ते बाबा कबूल करत नाहीत. खिसे मोठे आहेत, टॉर्च अन् तंबाखूची पुडी दोन्ही बसतात, एवढं म्हणतात.

१६४ ची बाही बरोबर बसली असती, हे मला माहीत आहे. घरी सांगितलेलं नाही.

परवा आणखी एका सुतळीचा फोटो आला. ही आईची. भिंतीवरची रेघ १५१. दुकानातल्या त्या बाईची सुट्टी कोणत्या वारी असते, ते विचारून ठेवलंय.