थोरली आणि धाकटी

मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली आणि कूलरचा आवाज थांबला. नागपुरात कूलर थांबला की घरातली माणसे आधी पंख्याकडे, मग एकमेकांकडे आणि शेवटी घड्याळाकडे पाहतात, आणि त्यानंतर ज्याला जे सुचेल ते काम काढून बसतात. मी उत्तरेकडच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाचा सर्वांत खालचा खण ओढला आणि साबणाची एक जुनी प्लास्टिकची डबी बाहेर काढली. तिच्यात माझ्या कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्या असतात. प्रत्येकीला टोपण लावलेले आणि प्रत्येकीच्या पाठीवर, जखमेला लावतात त्या पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा. एकीवर बॉलपेनने ‘थोरली’ लिहिले आहे, दुसरीवर ‘धाकटी’, आणि त्याखाली शेवटच्या चार्जिंगची तारीख. दोघींना पाळीपाळीने काम मिळावे आणि एकीनेच राबून म्हातारे होऊ नये, एवढाच त्या नावांमागचा हेतू आहे. बायको या डबीला ‘बॅटऱ्यांचे पंचांग’ म्हणते. लोणच्याच्या बरणीकडे मी याच्या निम्मे लक्ष दिले असते तर, असेही ती म्हणते, पण ते वाक्य पुरे करत नाही.

हा खालचा खण मला सहज सापडलेला नाही. त्यासाठी मी एक अख्खा मे महिना हातात थर्मामीटर घेऊन घरभर फिरलो आहे. माळा सर्वांत तापतो, हे सांगायला थर्मामीटर लागत नाही. पण फ्रिजच्या माथ्यावर, जिथे आपण निर्धास्तपणे सगळे काही ठेवून देतो, तिथला पारा पाहून मी चकित झालो होतो. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी म्हातारे करतात, एक उष्णता आणि दुसरी भरलेपण. तिच्यातला एकेक सेल पूर्ण चार्ज होऊन ४.२ व्होल्टपर्यंत चढला की आतल्या द्रवाची आणि विद्युतअग्रांची हळूहळू झीज होऊ लागते, आणि गरमीत ती झीज वेग घेते. अशी गेलेली क्षमता पुन्हा चार्ज करून परत येत नाही. म्हणून महिनोन्‌महिने काम नसेल तर बॅटरी साधारण निम्मी भरलेली ठेवावी आणि थंड जागी ठेवावी. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हाळ्यात गाडीत विसरणे म्हणजे तडस लागेपर्यंत जेवलेल्या माणसाला दुपारी दोन वाजता सीताबर्डीच्या चौकात उभे करण्यासारखे आहे. माझ्या कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत तर तो शून्य ते चाळीस अंश तापमानातच वापरावा, असे छापलेले आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तेव्हा पुस्तिकेच्या मते त्या दिवसांत नागपूरकराने छायाचित्रे काढू नयेत. अशी एखादी पुस्तिका माणसाबरोबर मिळाली असती, तर तिच्यात आणखी काय काय छापले असते कोण जाणे.

हे शहाणपण मला उशिरा आले. २००६ च्या दिवाळीत कॅमेरा घेतला तेव्हा ओळखीतल्या एका जाणत्या छायाचित्रकाराने बजावले होते, की बॅटरी पूर्ण उतरू द्यायची आणि मगच चार्जरला लावायची, नाहीतर तिला अर्ध्यावरच थांबायची सवय लागते. त्यांचे चूक नव्हते. त्यांचे आयुष्य निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांत गेले होते आणि त्या बॅटऱ्यांच्या अंगी ती खोड होती. लिथियमच्या बॅटरीला असली स्मरणशक्ती नसते, उलट वारंवार तळ गाठणे तिला सोसत नाही. मी मात्र दोन वर्षे माझ्या पहिल्या बॅटरीला एखाद्या कडक व्रतासारखे उपाशी ठेवून मगच जेवू घालत होतो. एकदा ती अशीच रिकामी करून पावसाळाभर ठेवून दिली. ऑक्टोबरात चार्जरला लावली तर चार्जरचा दिवा नुसता लुकलुकत राहिला. रिकामी बॅटरीही स्वतःशी झिरपत असते आणि एका मर्यादेखाली घसरली की तिला पुन्हा भरण्यात धोका असतो, म्हणून चार्जरच तिला नाकारतो. बिचारीचे नावसुद्धा ठेवलेले नव्हते.

काम झाले की बॅटरी कॅमेऱ्यातून काढून ठेवायची, ही सवय मात्र मला पहिल्या दिवसापासून होती, कारण ती माझी नव्हतीच. ती माझ्या आजोबांची, आबांची होती. महालातल्या आमच्या जुन्या घरी आबांचा चार सेलांचा ट्रान्झिस्टर होता आणि त्यावर आकाशवाणीच्या बातम्या ऐकून झाल्या, की ते सेल काढून देवळीत एका ओळीत निजवून ठेवत. ‘त्यांनाही विसावा लागतो,’ असे ते म्हणत. आम्ही हसत असू. पुढे वाचताना समजले, की जस्त आणि कार्बनच्या त्या जुन्या सेलांना खरोखरच विसावा लागत असे. थोडा वेळ स्वस्थ पडले की ते काही प्रमाणात सावरत.

विसाव्यानेही भागेनासे झाले आणि बातम्या सांगणाऱ्याचा आवाज घोगरा होऊ लागला, की आबा सेल उन्हात घालत. मे महिन्यात गच्चीवर आजीचे वाळवण पसरलेले असे, जुन्या धोतरावर गव्हाच्या चिकाच्या कुरडया आणि पलीकडे मुगवड्या. कठड्यालगतची एक वीतभर जागा आबांच्या सेलांना मिळालेली होती आणि तिची सीमा आजीने विटेच्या तुकड्यांनी आखून दिली होती. माझ्याकडे दोन कामे असत. कावळे हाकायचे आणि सेल अधूनमधून पाव वळसा फिरवायचे, म्हणजे सगळ्या अंगांनी सारखे तापतील. चटका बसू नये म्हणून मी ते टॉवेलच्या टोकाने फिरवत असे. एका सेलाच्या वेष्टनावरचा रंग उडून त्यावर माझ्या बोटाच्या आकाराचा डाग पडला होता आणि तोच सेल मी नेहमी शेवटी फिरवत असे, का ते आता आठवत नाही. संध्याकाळी गरम सेल ट्रान्झिस्टरमध्ये गेले की आवाज पुन्हा खणखणीत होई. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया जोर धरते, म्हणून हे घडते. तो जोर एकदोन दिवसच टिके, पण आबांचा चेहरा तेवढे दिवस एखादा खटला जिंकलेल्या वकिलासारखा असे.

या सेलांत जस्ताचे बाहेरचे डबडेच झिजत जाते, म्हणजे सेल स्वतःचेच घर खाऊन वीज देतो, आणि शेवटी भोक पडले की आतला चिकट द्रव बाहेर येतो. एका वर्षी तो कुरडयांपर्यंत पोहोचला. आजीने धोतराचा तो कोपराच्या कोपरा कुरडयांसकट गुंडाळला आणि आबांसमोर नेऊन ठेवला. ‘अहो, तुमचे सेल तळून देऊ की तसेच खाल?’ एवढेच ती बोलली. पुढचे चार दिवस बातम्या शेजारच्या घरातून ऐकाव्या लागल्या.

आबा ज्या उन्हात सेल घालत, त्याच उन्हापासून मी बॅटऱ्या लपवतो. चिकटपणा मात्र दोन्हीकडे सारखाच. कॅमेरा घेतल्यानंतरच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी मारबत, म्हणजे ईडापीडा घालवण्यासाठी निघणारी पुतळ्यांची मिरवणूक, पाहायला इतवारीत गेलो होतो. काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात तेवढेच एक छायाचित्र मला हवे होते, आणि बॅटरीची एकच रेघ उरली होती, म्हणून मी दर पाच मिनिटांनी कॅमेरा बंद करत होतो आणि पुन्हा सुरू करत होतो. दर वेळी भिंग बाहेर सरकवणारी मोटर आणि पाठीवरचा पडदा यांनाच वीज सर्वांत जास्त लागते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. ‘ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत’चा गजर उसळला, लोक पुढे रेटले गेले आणि त्या क्षणी माझा कॅमेरा बंद होता. भिंग डुलतडुलत बाहेर येईपर्यंत समोर एका गृहस्थाचा खांदा आणि बडग्याचा अर्धा पुतळा उरला होता. घरी येऊन पाहिले तर बॅटरीची ती रेघ शाबूत होती.

तर त्या दुपारी मी थोरलीची तपासणी करावी म्हणून तिला कॅमेऱ्यात बसवले. पडद्यावर सर्वांत आधी तारीख आणि वेळ भरण्याची विनंती आली. ती दर वेळी येते. मुख्य बॅटरी बाहेर असली की कॅमेऱ्यातले घड्याळ आतल्या एका इवल्या साठ्यावर चालते आणि माझ्या कॅमेऱ्यात तो जेमतेम तीन आठवडे पुरतो. मी नेहमीप्रमाणे विनंती टाळून जुन्या कार्डातली छायाचित्रे चाळू लागलो. त्यांतल्या एकात आबा आहेत. महालातल्या गच्चीवर, बंडीत, उन्हामुळे डोळे बारीक केलेले आणि कपाळावर हाताची पन्हाळ धरलेली. मागे धोतरावर कुरडया दिसतात. कोपऱ्यात तारीख आहे ०१/०१/२००६, म्हणजे कॅमेरा घेण्याच्याही दहा महिने आधीची.

जानेवारीत कुरडया कोणी घालत नाही, तेव्हा हा महिना मेच असणार. आबा २०१० च्या पावसाळ्यात गेले. कॅमेरा आल्यापासून त्यांच्या वाट्याला चार मे महिने आले, त्यांतला हा कोणता, ते मला ठरवता येईना. मी आईला फोन करून विचारले. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘त्या वर्षी चीक बिघडला होता बघ, कुरडया तुटत होत्या.’ कोणत्या वर्षी, ते तिलाही सांगता आले नाही.

तेवढ्यात वीज आली आणि कूलर घरघरला. मी कॅमेऱ्यात आजची तारीख भरली, वेळ भरली, मिनिटेसुद्धा जुळवली. मग थोरलीला बाहेर काढले, टोपण लावले, डबीत ठेवले आणि खण लोटून दिला.