तुम्ही विचारलंत म्हणून: चेसीला रिबिट की वेल्डिंग?

धुळे-शिरपूरकडे जुन्या जीपा शेडमधून बाहेर निघायला लागल्यापासून फोनवर एकच प्रश्न, भाऊ, चेसीचे (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचे) रिबिट, म्हणजे डोकं ठोकून बसवलेले जोडखिळे, सैल झालेत, सरळ वेल्डिंग मारून टाकू का? तर क्रॉस मेंबर (चेसीतला आडवा दांडा) जिथे कंपनीने रिबिटने जोडलाय तिथे वेल्डिंग नको, माझं मत पक्कं आहे.

जीपची चेसी म्हणजे दोन लांब चॅनल आणि मधे क्रॉस मेंबर. तोरणमाळच्या घाटात एक चाक खड्ड्यात गेलं की अख्खी फ्रेम पिळली जाते, आणि ती थोडी पिळलीच पाहिजे. रिबिटचा जोड तेवढं सोसून घेतो, वेल्डिंगचा जोड ताठ राहतो, मग सगळा पीळ येतो वेल्डिंगच्या कडेवर, जिथलं लोखंड तापून आधीच बदललेलं असतं, आणि तडा तिथूनच निघतो. मिस्तरी म्हणतो माझं वेल्डिंग तर शाबूत आहे. खरंच असतं हो, शेजारचं लोखंड गेलेलं असतं!

लाल तापवलेला रिबिट ठोकला की भोक गच्च भरतो आणि थंड होताना आखडून दोन्ही प्लेटा आवळून धरतो, रेल्वेचे जुने पूल त्यावरच उभे आहेत. आता तसा रिबिट मारणारा कारागीर मिळणं अवघड, तर भोक रीमरने (भोक मापात घासायचं हत्यार) नीट मापात करून 8.8 ग्रेडचा, म्हणजे जास्त ताकदीचा, घट्ट बसणारा बोल्ट टाका, ढिल्या भोकात नको, आणि बोल्टचे आटे (चुड्या) भोकात येऊ देऊ नका.

चॅनललाच तडा गेला असेल तर मात्र वेल्डिंगच. तड्याच्या टोकाला आधी भोक पाडा म्हणजे तो पुढे पळत नाही, मग ग्राइंडरने खाच करून भरा. वरून पट्टी लावायची तर तिची टोकं तिरकी कापा, आणि चॅनलच्या वरच्या-खालच्या बाजूवर (फ्लँजवर) आडवं वेल्डिंग अजिबात नको. जुन्या जीपचं लोखंड साधं, वेल्डिंग घेतं. हेवी ट्रकच्या हीट ट्रीटमेंट केलेल्या (तापवून-विझवून कडक केलेल्या) फ्रेमला हाच न्याय लावू नका. बॅटरीची वायर आधी काढा, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

आणि सगळे रिबिट काढत बसू नका. डोक्याभोवती गंजाची लाल रेघ दिसतेय का बघा, एका बाजूने बोट टेकवून दुसरीकडून हातोडीने टिचका, हलला तर काढा, नाहीतर राहू द्या. ग्राइंडर चेसी नंबरपासून लांब ठेवा, तो पुसला गेला तर आरटीओत जीप तुमचीच आहे हे पटवता पटवता नाकी नऊ येतील.