एनसीपीएला जायचंय? आधी परतीची गाडी बघा

ठाणे, डोंबिवली, बोरिवली, वाशी अशा ठिकाणांहून नरिमन पॉइंटला कार्यक्रम बघायला जाणार असाल तर आधी परतीची गाडी ठरवा आणि मग तिकीट काढा. गडकरी रंगायतन किंवा दीनानाथमधून बाहेर पडलं की समोर रिक्षा उभी असते, त्यामुळे परतीचा विचार करायची आपल्याला सवयच नसते. दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत. शिवाय नरिमन पॉइंट हा कचेऱ्यांचा भाग. संध्याकाळी सात-साडेसातनंतर तिथली वर्दळ ओसरते, तशा रिकाम्या टॅक्स्याही कमी होतात. नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, म्हणजे एनसीपीए, या भागाच्या अगदी टोकाला, समुद्राला लागून आहे. त्यापुढे रस्ताच संपतो.

एक हिशेब करून बघू. दोन अंकी नाटक साडेसातला सुरू झालं, मध्यंतरासह सव्वादोन ते अडीच तास धरले, तर पडदा पडायला दहा वाजतात. जिना, स्वच्छतागृहाची रांग, ओळखीचं कुणीतरी भेटणं यात पंधरा मिनिटं सहज जातात. विधान भवन मेट्रो स्थानक चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे, म्हणजे तिथे पोचेपर्यंत साडेदहा. आणि अ‍ॅक्वा लाइनची शेवटची गाडी कफ परेडहून सुटते साधारण साडेदहालाच. त्यामुळे साडेसातच्या पूर्ण लांबीच्या नाटकाला परतीसाठी मेट्रो धरूच नये. सहा-साडेसहाचा प्रयोग किंवा दीड तासाचा विनामध्यंतर कार्यक्रम असेल तर मेट्रो उत्तम. ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, आणि दादर, बीकेसी, सांताक्रूझ, मरोळ नाका या पट्ट्यातल्या लोकांना तिचा खरा फायदा आहे. मरोळ नाक्याला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो मिळते. परतीचं तिकीट जातानाच काढून फोनमध्ये ठेवावं, भुयारात नेटवर्कच्या भरवशावर राहू नये.

लोकलचं गणित सोपं आहे. चर्चगेटहून बोरिवलीकडे रात्री एकच्या आसपासपर्यंत गाड्या असतात. सीएसएमटीहून कर्जत-कसाऱ्याच्या शेवटच्या गाड्या बाराच्या थोड्या मागेपुढे सुटतात, म्हणून मध्य रेल्वेवाल्यांना मोकळीक कमी. वेळापत्रक बदलत असतं, त्या दिवशीची वेळ एम-इंडिकेटर अ‍ॅपवर पाहूनच निघा. रविवारी दुपारचा प्रयोग असेल तर मेगाब्लॉक तपासा. ब्लॉक साधारण अकरा ते चारच्या दरम्यान असतात, म्हणजे चारच्या प्रयोगासाठी निघण्याच्या नेमक्या वेळेत. रात्रीच्या प्रयोगाला त्यांचा सहसा त्रास होत नाही.

आता जातानाचं. चर्चगेटहून एनसीपीए दीड किलोमीटरच्या आसपास आहे. वीर नरिमन रोडने समुद्रापर्यंत जा आणि डावीकडे वळून मरीन ड्राइव्हच्या कट्ट्याकडेने चालत राहा. एअर इंडियाची इमारत, एक्स्प्रेस टॉवर्स, मग ट्रायडंट आणि ओबेरॉय, आणि त्यानंतर एनसीपीए. वीस मिनिटं लागतात. साडी, टाचांच्या चपला किंवा गुडघेदुखी असेल तर टॅक्सी करा. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आहे, आणि ते पहिल्या दीड किलोमीटरला पुरतं. नेमक्या याच कारणाने रात्री बरेच टॅक्सीवाले चर्चगेटचं भाडं नाकारतात. चौघं असाल तर ‘दादर’ म्हणून बघा, लगेच दार उघडतं. मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत मीटरवर पंचवीस टक्के जादा आकार असतो. सीएसएमटीहून येणाऱ्यांसाठी बेस्टची ११५ नंबरची बस चर्चगेटमार्गे थेट एनसीपीएपर्यंत जाते. त्यात वातानुकूलित डबलडेकरही धावते. जाताना ती उत्तम, परतीला मात्र शेवटच्या फेरीची वेळ बघितल्याशिवाय तिच्या भरवशावर राहू नका.

संध्याकाळी गर्दी उलट्या दिशेची असते ही आपल्या बाजूची गोष्ट. सहा वाजता सगळी मुंबई उत्तरेकडे निघालेली असते, तेव्हा चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा मिळते. गाडी घेऊन येणाऱ्यांनाही हेच लागू. वरळीहून सागरी किनारा मार्गाने मरीन ड्राइव्हपर्यंत झटकन येता येतं, फक्त पुढच्या सिग्नलांसाठी वीस मिनिटं हातात ठेवा. आवारातली पार्किंगची जागा मोजकी आहे. ज्या दिवशी दोन मोठ्या सभागृहांत एकाच वेळी कार्यक्रम असतात, त्या दिवशी ती अर्धा तास आधीच भरते.

इथे एका पत्त्यावर पाच सभागृहं आहेत, आणि ‘एनसीपीएला आहे’ एवढ्या माहितीवर निघणारे लोक पहिली घंटा होईपर्यंत चुकीच्या दारात उभे असतात. संस्था १९६९ सालची, जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांनी उभी केलेली. सगळ्यात जुनं लिटल थिएटर, ११४ खुर्च्यांचं. टाटा थिएटर १९८० चं, १,०१० खुर्च्यांचं. एक्सपेरिमेंटल थिएटर तीनशेचं, गोदरेज डान्स थिएटर दोनशेचं. सगळ्यात मोठं जमशेद भाभा थिएटर, १,१०९ खुर्च्यांचं. ते बांधून होत असताना १९९७ च्या डिसेंबरात आगीत जळालं आणि नव्याने उभं राहून १९९९ मध्ये खुलं झालं. त्याच्या फॉयेतला संगमरवरी जिना पेटिट हॉल या जुन्या बंगल्यातून आणलेला आहे. वेळेआधी पोचलात तर तो निवांत बघून घ्या, मध्यंतरात त्यावर सेल्फीवाल्यांची रांग असते.

खुर्ची निवडताना आधी सभागृह बघायचं आणि मग कार्यक्रमाचा प्रकार. ‘पुढची रांग ती चांगली’ हा आपला हिशेब इथे बऱ्याचदा चुकतो.

टाटा थिएटर फिलिप जॉन्सन यांनी आखलं आणि त्याच्या ध्वनिरचनेचं काम सिरिल हॅरिस यांनी केलं. प्रेक्षागृह पंख्यासारखं पसरलेलं आहे, आणि ध्वनिवर्धकाशिवायही गाणं-वाजवणं सगळीकडे नीट पोचावं हा त्यामागचा विचार. म्हणून शास्त्रीय गायनाला इथली मागची मधली खुर्चीही चालते, आणि पैसे वाचतात. नाटकाला मात्र पंख्याच्या दोन्ही कडा टाळाव्यात. नेपथ्य समोरून बघण्यासाठी बांधलेलं असतं, कडेला बसलं की विंगेतली धावपळ दिसते आणि मागच्या भिंतीजवळचा प्रवेश हुकतो.

जमशेद भाभा थिएटर कमानीच्या रंगमंचाचं, ऑपेरासाठी वादकांचा खड्डा असलेलं. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ही २००६ मध्ये स्थापन झालेली संस्था वर्षातून दोन हंगाम करते, साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमारास. ऑर्केस्ट्राला पहिल्या चार-पाच रांगा घेणं म्हणजे जास्त पैसे देऊन कमी ऐकणं. समोर फक्त व्हायोलिनवाल्यांची पाठ आणि कोपर, मागचे बासरी-ओबो-हॉर्न दिसतच नाहीत आणि आवाजही एकजीव होऊन येत नाही. मधल्या रांगा किंवा बाल्कनीचा पुढचा भाग घ्या. पियानोवादन असेल तर आपल्या डाव्या हाताची बाजू, कारण पियानोच्या पट्ट्या त्या बाजूला असतात आणि वादकाचे हात तिथूनच दिसतात. उजवीकडे बसलात तर वादकाचा चेहरा दिसेल, बोटं नाहीत.

कथक-भरतनाट्यमला पावलं दिसली नाहीत तर निम्मा कार्यक्रम गेला. रंगमंच उंच असेल तर पहिल्या दोन रांगांतून घोट्याखालचं काही दिसत नाही. पाचव्या-सहाव्या रांगेपासून पुढे नजर वरून पडते, ते बरं. एक्सपेरिमेंटलमध्ये तर खुर्च्यांची मांडणीच प्रयोगागणिक बदलते. कधी समोरासमोर, कधी तीन बाजूंनी. मागच्या वेळच्या अनुभवावर तिथे जागा निवडू नका. तिकिटावर खुर्चीचा नंबर नसेल तर अर्धा तास आधी रांगेत लागा.

तिकिटं एनसीपीएच्या संकेतस्थळावर, बुकमायशोवर आणि तिथल्या खिडकीवर मिळतात. सभासदांसाठी विक्री काही दिवस आधी सुरू होते आणि दरही कमी असतो. म्हणून नावाजलेल्या कार्यक्रमांच्या चांगल्या जागा सर्वांसाठी विक्री खुली होण्याआधीच गेलेल्या असतात. वर्षातून सात-आठ कार्यक्रमांना जाणार असाल तर सभासदत्वाचा हिशेब मांडून बघा, दोनदा जाणार असाल तर गरज नाही. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही, त्याहून महाग तिकिटावर अठरा टक्के लागतो. म्हणजे पाचशेचं तिकीट पाचशेलाच पडतं आणि सहाशेचं ७०८ ला. आपल्या नाटकांचे दर इतक्या वेळा बरोब्बर पाचशेवर का थांबतात, ते यावरून कळावं. ऑनलाइन काढलं तर बुकिंगचा आकार वेगळा. चौघांची तिकिटं असतील आणि चर्चगेटला येणंजाणं असेल तर खिडकी परवडते.

मराठी प्रेक्षकांसाठी ऑगस्टच्या आसपासचा ‘प्रतिबिंब’ नाट्योत्सव लक्षात ठेवण्यासारखा. दोन दिवसांत तीन-चार नाटकं उरकण्याचा मोह होतो, पण दिवसाला एकच बघा. दुसऱ्या नाटकापर्यंत पहिलं डोक्यातून उतरत नाही, आणि जेवायचं राहून जातं ते वेगळंच.

जेवणाबद्दल सरळ सांगायचं तर आधी खाऊन घ्या. शिवाजी मंदिरच्या मध्यंतरातल्या बटाटावड्याची इथे अपेक्षा ठेवू नका. खायला मिळतं, पण मध्यंतर पंधरा-वीस मिनिटांचं आणि हजार माणसं एकाच काउंटरकडे वळतात. कचेऱ्यांच्या दिवशी आसपास सँडविच, भेळवाले असतात, रविवारी ते जवळपास नसतात. पाच-साडेपाचला चर्चगेटला उतरून पोटभर खाणं हा सगळ्यात सुटसुटीत मार्ग. थाळी हवी तर जे. टाटा रोडवरचं सम्राट. फक्त थाळी खाऊन लगेच गार सभागृहातल्या मऊ खुर्चीत विलंबित ख्याल ऐकायला बसणार असाल, तर भात टाळा.

उशीर झाला तर काय? कार्यक्रम सुरू झाल्यावर सहसा आत सोडत नाहीत. ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात दोन रचनांच्या मधे किंवा मध्यंतरात सोडतील, पण विनामध्यंतर नाटकाला उशीर म्हणजे तिकीट वाया. लहान मुलांसाठी वयाची अट कार्यक्रमागणिक वेगळी असते, ती तिकीट काढतानाच वाचा. दारात हुज्जत घालून उपयोग होत नाही. सिंफनी ही एकच रचना तीन-चार भागांची असते आणि भागांच्या मधे टाळ्या वाजवत नाहीत. ऑर्केस्ट्राच्या संचालकाने हात पूर्ण खाली घेऊन प्रेक्षकांकडे वळेपर्यंत थांबलं की चूक होत नाही. पेहरावाचं बंधन नाही. एसी मात्र कडक असतो, मे महिन्यातही शाल किंवा ओढणी जवळ असू द्या.

पावसाळ्यात भरतीची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की लाटा मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावरून आत येतात, आणि पोलिस तिथे चालू देत नाहीत. मग जे. टाटा रोडकडून, इमारतींच्या आडोशाने जा. छत्री या टोकाला टिकत नाही, वाऱ्याने उलटी होते. रेनकोट घ्या, आणि तो निथळायला ठेवण्यासाठी एक रिकामी प्लास्टिकची पिशवी.