चौतीस वजा झाले, पण वहीत नाही

"काकू, चौतीस झाले," असे म्हणत तिसरीतल्या त्या मुलाने माझी पन्नासाची नोट घेतली आणि आधी एक रुपया, मग पाचाचे नाणे, मग दहाची नोट माझ्या हातावर ठेवत "पस्तीस, चाळीस, पन्नास" असे मोजून दिले.

आज शाळेतल्या बाल आनंद मेळाव्यात मेथी घेताना हे घडले. शेजारी उभ्या असलेल्या वर्गशिक्षिका कौतुकाने, पण जरा काळजीच्या सुरात म्हणाल्या, "हिशेबाला पक्का आहे हो, पण हातच्याची वजाबाकी काही केल्या येत नाही."

ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेले नाही. शून्यातून चार जात नाहीत म्हणून एक दशक सुटा करायचा, ही मांडणी त्याला वहीत जमत नसेल. पण चौतिसापासून पन्नासापर्यंत चढत जाऊन त्याने काढलेले सोळा हीदेखील वजाबाकीच होती. दोन वर्ग एकटीने सांभाळणाऱ्या बाईंना दोष देण्यात अर्थ नाही, कारण तपासणीला येणारे वहीच पाहतात.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कृतीतून आणि शोधातून शिकण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्याच कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आमच्या सभा मात्र पोषण आहार आणि नळदुरुस्तीतच संपतात (तेही आवश्यकच म्हणा).

पुढच्या सभेत हा विषय काढला, तर अभ्यासक्रम कधी पूर्ण करायचा, असे विचारले जाईलच. पण त्या मुलालाच फळ्यावर त्याची रीत मांडायला सांगितले, तर असा कितीसा वेळ जाईल?