मूळ नक्षत्र आणि बंद घुमट

आभाळ स्वच्छ होतं. धनु रास दक्षिणेला छान वर आली होती. आणि ऑपरेटर बाईंनी दुर्बिणीचा घुमट बंद केला.

हवाईतला मावना केआ डोंगर, ४,२०० मीटर उंची. आर्द्रता मर्यादेपलीकडे गेली होती. "ढग नाहीत हो, दहा मिनिटं थांबू या ना," मी म्हटलं. "आरशावर दव बसलं तर?" त्यांनी शांतपणे विचारलं. विषय संपला. इथे घुमटाबाबत शेवटचा शब्द ऑपरेटरचा, समोर कितीही मोठा शास्त्रज्ञ बसलेला असो. आपल्याकडे असतं तर मी नक्की कुणा सरांना फोन लावला असता, आणि सरांनी पुढे कुणाला तरी. त्या रात्री हात फोनकडे गेलाही होता. रागाने डोळ्यांत पाणी आलं. वर्षभरात मिळालेल्या दोनच रात्री, त्यातली ही एक. मी आले होते ते आकाशगंगेच्या केंद्रासाठी. ते याच धनु राशीत, आणि इथून फार तर ४१ अंश चढतं. कामाचे तास चार-पाच.

छत्रपती संभाजीनगरच्या गच्चीवरूनही ते तेवढंच चढतं, कारण अक्षांश जवळपास सारखेच. पण ते मध्यरात्री सर्वांत वर येतं नेमकं जून-जुलैत, म्हणजे आपल्याकडे पाऊस.

बाबा दर फोनला विचारतात, "खोडदला एवढी जीएमआरटी आहे, तिथून नाही का दिसत?" बाबा, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा मला अभिमानच आहे, आणि केंद्राचे सुंदर रेडिओ नकाशे तिने दिलेत. पण मी शोधते तो रेणू एच-थ्री-प्लस. हायड्रोजनचे तीन अणू त्रिकोणात, एक इलेक्ट्रॉन कमी. त्याची रचना इतकी सममित की रेडिओत त्याच्या रेषाच मिळत नाहीत. तो सापडतो अवरक्तात, ३.५ ते ४ मायक्रॉनच्या आसपास, मागच्या ताऱ्याच्या प्रकाशातल्या बारीक खाचांमधून. केंद्राचा दृश्य प्रकाश धूळ जवळजवळ पूर्ण अडवते, अवरक्त बराच पार होतो. पण आपल्याच हवेतली वाफ तो खाते, म्हणून एवढ्या उंचावर यायचं. लडाखचं हानले याहून उंच आहे, पण तिथला आरसा २ मीटरचा. मला ८ मीटरचा हवा होता. म्हणून इथे, बाबा.

१९९६ मध्ये गेबॉल आणि ओका या शास्त्रज्ञांना ताऱ्यांमधल्या अवकाशातला हा रेणू पहिल्यांदा याच डोंगरावर, यूकर्ट दुर्बिणीतून सापडला. पुढे केंद्राकडे बघताना ३.५३ मायक्रॉनची खाच दिसली. ती देणारे रेणू वरच्या ऊर्जापातळीत अडकलेले असतात, तिथून त्यांना सहज खाली येता येत नाही. तिच्या खालची एक पातळी मात्र जवळपास रिकामी झालेली. म्हणजे वायू उबदार, सुमारे २५० केल्विन, आणि विरळ. घनसेंटीमीटरला जेमतेम शंभरेक कण. केंद्रातला वायू दाट ढगांतच असतो, हा समज त्याने बदलला. आणि रेणू इतके भरपूर, की त्यांना घडवणारे वैश्विक किरणही तिथे आपल्या परिसरापेक्षा कितीतरी जास्त असले पाहिजेत.

केंद्राची दिशा मूळ नक्षत्राच्या भागात येते. माझा जन्म मूळ नक्षत्रावरचा. स्थळं बघताना आईला त्यावरून काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते मी विसरलेले नाही.

अडीच तासांनी घुमट उघडला. रास उतरणीला लागलेली. बाईंनी न सांगता दुर्बीण थेट माझ्या ताऱ्यावर नेली, तुलनेसाठीचा मानक तारा शेवटी घेऊ म्हणाल्या, आणि स्वतःच्या डब्यातला भात माझ्यापुढे सरकवला. पन्नास मिनिटं मिळाली. ३.७१ची खाच स्पष्ट आहे. ३.५३ची अजून गोंगाटात आहे. दुसरी रात्र गुरुवारी.