शांत बसणारी पण लक्ष न लागणारी मुलगी आणि आमचा घरचा अभ्यास – माझा अनुभव

माझी मुलगी चौथीत आहे, मराठी माध्यम, आम्ही साताऱ्याचे. तिला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणारी, मेंदूच्या वाढीशी संबंधित अडचण, पण त्यातला तो प्रकार ज्यात मूल धावपळ करत नाही, बाकावर गप्प बसलेलं असतं आणि मन मात्र भलतीकडेच असतं. हे आधी सांगतेय कारण एडीएचडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर घर डोक्यावर घेणारा मुलगाच येतो आणि अशा शांत मुली तशाच राहून जातात. भांडण नाही, मारामारी नाही, मग तक्रार येणार कुठून? प्रगतीपुस्तकावर "हुशार आहे, अभ्यासात लक्ष द्यावे" एवढंच.

दुसरीत असताना आम्ही हे मनावर घेतलं. आधी डोळे तपासले, मग कान, मग आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड बघायला सांगितलं, झोप नीट होते का, घोरते का तेही विचारलं, कारण यातल्या कशानेही मूल अभ्यासात मागे पडू शकतं. ते सगळं ठीक निघाल्यावर पुण्याच्या डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडे, म्हणजे मुलांच्या विकासाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. एडीएचडी दाखवणारी रक्ताची टेस्ट किंवा स्कॅन नसतो, प्रश्नावली असते, एक आईवडिलांनी भरायची आणि एक वर्गशिक्षिकेने. डॉक्टरांनी समजावलं की लक्ष न लागण्याची ९ लक्षणं धरतात, त्यातली निदान ६ हवीत, ६ महिन्यांहून जास्त काळ हवीत, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसायला हवीत आणि १२ व्या वर्षाच्या आतच सुरू झालेली हवीत. म्हणजे एखाद्या दिवशी अभ्यासाचा कंटाळा केला म्हणून कुणी शिक्का मारत नाही. बुद्ध्यांक चाचणी आणि लेखन-वाचनाची चाचणी वेगळी झाली, कारण एडीएचडीबरोबर बऱ्याच मुलांना लर्निंग डिसॅबिलिटीही, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचणही असते. आमच्याकडे ती निघाली नाही. सासूबाईंनी डॉक्टरांसमोरच सांगून टाकलं, हिचे बाबा अगदी असेच होते, डबा शाळेत आणि दप्तर एसटी स्टँडवर. डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे आजी, हे घराण्यात चालत येतं.

त्या दिवशी मला सगळ्यात उपयोगी पडलं ते वर्किंग मेमरीबद्दलचं, म्हणजे काम करताना लागणाऱ्या गोष्टी थोडा वेळ डोक्यात धरून ठेवण्याच्या क्षमतेबद्दलचं बोलणं. आपण सहज म्हणतो, "वही काढ, तारीख टाक, धड्याचं नाव लिही आणि पहिला प्रश्न उतरव." या झाल्या चार सूचना. माझी मुलगी वही काढेपर्यंत बाकीच्या तीन डोक्यातून निसटलेल्या असतात, आणि आपल्याला वाटतं ऐकतच नाही. अशा मुलांना काय करायचं ते बहुतेक वेळा माहीत असतं, अडतं ते त्या क्षणी ते डोक्यात धरून ठेवून सुरू करण्यापाशी. मग आमच्या घराचा नियमच झाला, डोक्यात धरायचं ते सगळं बाहेर काढायचं, कागदावर, भिंतीवर, फळ्यावर, कुठेही. एका वेळी एकच सूचना, ती पण जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून, स्वयंपाकघरातून हाक मारून नाही. गृहपाठाचं अख्खं पान तिच्यासमोर ठेवतच नाही, एक प्रश्न एका चिठ्ठीवर, झाला की चिठ्ठी डब्यात टाकायची. डब्यात चिठ्ठ्या पडताना दिसतात ना, त्याने किती झालं आणि किती उरलं ते तिला कळतं, नाहीतर वेळेचा अंदाज तिला अजिबात येत नाही, दहा मिनिटं आणि एक तास तिला सारखेच.

वेळेसाठी मोबाईलचा टायमर वापरायचा नाही असं आम्ही ठरवलं, कारण मोबाईल समोर आला की अभ्यास संपलाच. साधा किचन टायमर आणला. दहा मिनिटं काम, मग उठायचं, पाणी पी, अंगणात एक चक्कर मार, परत ये. आणि मुख्य अभ्यास सकाळी. चौथीपर्यंतची शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नये हा सरकारचा २०२४ चा निर्णय आम्हाला फार फळला, झोप पूर्ण होते आणि डोकं ताजं असताना अवघड विषय उरकतो. संध्याकाळी फक्त पाढे आणि वाचन. पाढे ती झोपाळ्यावर बसून म्हणते, झोका आणि बे एके बे, बे दुणे चार यांचा ठेका जुळतो आणि हलत असताना तिचं लक्ष जास्त टिकतं. पाहुणे म्हणतात, अभ्यासाला एका जागी बसायला शिकवा की. मी नाही शिकवत. हललं तर पाठ होतं, मग हलू दे.

आणखी एक, मी शेजारी असते. शिकवत नाही, माझी भाजी निवडत असते किंवा ऑफिसचं काहीतरी करत असते. कुणीतरी शेजारी स्वतःचं काम करत बसलेलं असलं की तिचं काम सुरू होतं, एकटी बसली की खिडकीबाहेर. हे का होतं ते शोधत बसण्यापेक्षा मी रोज बसते.

गणितावर मात्र जरा जास्त लिहिते, कारण मराठी माध्यमाच्या मुलांना इथे जास्त ताण पडतो असं माझं ठाम मत आहे. बावन्न म्हटलं की कानावर आधी दोन पडतात आणि लिहायचे असतात आधी पाच. म्हणजे ऐकलेलं धरून ठेवायचं, उलटं करायचं, मग लिहायचं. बाकीची मुलं नकळत करतात, माझी मुलगी २५ लिहून मोकळी. एकोणसाठ तर त्याहून अवघड, साठ ऐकू येतं आणि लिहायचं ५९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘पन्नास दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, लोकांनी मीम्स फिरवले, बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकरांनी त्यामागचं कारण समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. बाकी वाद राहू दे, माझ्या घरात त्या पद्धतीने खरंच काम केलं. आम्ही आधी ‘पन्नास दोन’ म्हणून लिहायचो आणि लगेच मोठ्याने ‘बावन्न’ म्हणायचो, हळूहळू ती स्वतःच मनात पन्नास दोन करून घ्यायला लागली. शिवाय उभी मांडणी चौकटीच्या वहीत, एका चौकटीत एक अंक, हातचा लाल पेन्सिलने. हातच्याच्या चुका बऱ्याच कमी झाल्या. दहा गणितांऐवजी पाच द्या अशी बाईंना विनंती केली, त्यांनी मान्य केली. पाच बरोबर आली तर पुढच्या पाचांनी नवीन काही शिकणार नसते, फक्त दमते.

आणि याच मुलीला शिवछत्रपतींचं पुस्तक द्या! प्रतापगडाची भेट, आग्र्याहून सुटका, पन्हाळ्याचा वेढा, सगळं तोंडपाठ, कोण कुठे उभं होतं तेसुद्धा सांगेल. जे आवडतं त्यात तासभर बुडून जाते, म्हणूनच लोक म्हणतात की हिला काही झालेलं नाही, मनात आलं की करते. पण लक्ष कमी आहे असं यात नसतंच, ते हवं तिकडे वळवता येत नाही, ही अडचण आहे. या गोष्टीचाच आम्ही उपयोग केला. ती उत्तर तोंडी सांगते, तिचे बाबा रेकॉर्ड करतात, मग ती स्वतःचं बोलणं ऐकत एकेक वाक्य उतरवते. आधी दोन ओळींच्या पुढे न जाणारी मुलगी आता पान भरते. तेच मग परिसर अभ्यासाला लावलं.

बक्षिसाचंही सांगते. "पहिला नंबर आला तर सायकल" हे अशा मुलाला लागूच पडत नाही, वार्षिक परीक्षा तिच्यासाठी पुढच्या जन्माइतकी लांब असते. आमच्याकडे सकाळच्या चिठ्ठ्या संपल्या की संध्याकाळी बाबांबरोबर बॅडमिंटन, त्याच दिवशी.

औषधाबद्दल बरेच जण विचारतात. तिसरीत मेथिलफेनिडेट हे लक्ष टिकायला मदत करणारं औषध सुरू केलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि सगळ्या मेडिकलमध्येही नसतं. भूक कमी होते म्हणून सकाळी गोळीच्या आधी पोटभर नाश्ता, आणि दर भेटीत वजन-उंची मोजतात. नातेवाईकांनी खूप घाबरवलं, मुलगी सुन्न होईल वगैरे, तसं झालं तर डोस बदलतात, म्हणून डॉक्टरांना सगळं सांगत राहायचं. गोळीमुळे ती बसते, शिकवत गोळी नाही, शिकवायला आपणच लागतो. घरोघरी वेगळा निर्णय असू शकतो, पण तो शेजाऱ्यांना विचारून घेऊ नका.

कागदपत्रांबद्दल एक, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी आहे, ऑटिझम आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. दहावीला जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती लर्निंग डिसॅबिलिटीच्या मुलांना मिळतात, त्यामुळे ती चाचणी करून घ्याच, आणि आमच्यासारखं आधी काही निघालं नसेल तरी मोठ्या वर्गात अडचण वाढली तर परत करा. सगळे रिपोर्ट एका फाईलमध्ये ठेवा.

आमचं अजून अडलंय ते शुद्धलेखनात. जोडाक्षरं येतात, पण ऱ्हस्व-दीर्घ एकाच ओळीत एकदा बरोबर एकदा चूक. सध्या अक्षरं हवेत बोटाने मोठी काढून बघतोय, दीर्घ वेलांटीला हात लांबवायचा. थोडा फरक वाटतोय. कुणाला याहून चांगलं काही सापडलं असेल तर मला नक्की सांगा.